मांजराचं 'उचललेलं' हृदय

'मांजर कुठूनही पडू दे, चार पायांवरच उतरणार, त्याला काय होतंय!' कौलांवरून, माळ्यावरून मांजर पडलं की कोकणात हे हमखास ऐकू येतं. पायांवर उतरणं बरंचसं खरं. 'काही होत नाही' हे मात्र चूक. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ९० टक्के मांजरांच्या छातीला इजा होती. मुंबई-गोवा महामार्गावर गाडीची धडक बसलेल्या मांजराचंही तसंच: बाहेर रक्ताचा थेंब नाही, पण आत फुप्फुस फाटलेलं असू शकतं. (मांजर आडवं गेलं म्हणून गाडी थांबवणारे आपण, त्यालाच चाक लागलं तर थांबतो का?)

म्हणून छातीचा एक्स-रे. त्यात हवा काळी दिसते, हाड पांढरं; हृदय, रक्त, पाणी सगळं एकसारखं करडं.

कुशीवर निजवलेल्या निरोगी मांजराच्या फोटोत हृदय उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, जवळपास टेकलेलं असतं. फुप्फुसाला भोक पडून हवा भोवतालच्या पोकळीत शिरली, तर मध्ये काळी फट येते आणि हृदय वर उचलल्यासारखं दिसतं. उचललं कोणी? कोणीच नाही. त्या पोकळीतला दाब एरवी बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुप्फुस ताणलेल्या रबरासारखं पसरून राहतं. हवा शिरली की ते आकसतं. खालच्या कुशीकडच्या फुप्फुसाचा आधार सुटतो आणि हृदय त्या बाजूला घसरतं. छातीची भिंत गोलाकार, त्यामुळे बाजूला सरकलेलं हृदय उरोस्थीपासून आपोआप लांब जातं. किरण वरून खाली येतात, म्हणून घसरणं फोटोत उमटतच नाही. उमटतं ते फक्त हे अंतर.

फुप्फुसाला बसलेला मुका मार मात्र फसवा. त्याचे पांढरट डाग स्पष्ट व्हायला कधी १२ ते २४ तास लागतात, म्हणून पहिला फोटो साफ आला तरी डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. छाती-पोटामधला पडदा फाटला असेल तर आतडी छातीत दिसतात.

शांत निजलेलं मांजर मिनिटाला साधारण २० ते ३० श्वास घेतं. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, तर आधी ऑक्सिजन, गरज पडल्यास सुईने हवा काढणं, मग फोटो. घाईने उताणं दाबून धरलं तर ते टेबलावरच दगावू शकतं. दवाखान्यात नेताना हवेशीर खोक्यात न्यावं आणि घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नये. मांजरांना ती विषासारखी बाधते.