पोटभाडेकरूचा खोली नंबर

परवा एका ग्रुपवर कोणीतरी विचारलं, व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर) आत अजून एक व्हीएम टाकलं की मशीन रडायला लागतं, रॅम वाढवू का? लगेच पाच-सहा जणांचं ‘वाढव वाढव’. अरे, निम्मी रॅम मोकळी असतानाही हे होतं. एक्झिटचा, म्हणजे दरवेळी व्हीएममधून बाहेर पडण्याचा खर्च मोठाच आहे पण तो आज नको, मला जो भाग जाम आवडतो तो सांगतो.

प्रोग्रॅम वापरतो तो मेमरीचा पत्ता खरा नसतो, प्रोसेसर पेज टेबलं (पत्त्यांचे तक्ते) चाळून खरा शोधतो. चार पायऱ्यांचं टेबल म्हणजे चारदा मेमरीत डोकावणं. व्हीएममध्ये गेस्टचं (आतल्या सिस्टिमचं) टेबल कुठे ठेवलंय हेही होस्टच्या (बाहेरच्या मशीनच्या) टेबलात शोधावं लागतं, मग वाईटात वाईट केसमध्ये चारचे होतात चोवीस! म्हणून सापडलेले पत्ते प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्याशा वहीत लिहून ठेवतो.

घोळ असा की खोली नंबर १२ प्रत्येक चाळीत असते, तसा तोच पत्ता प्रत्येक व्हीएममध्ये असतो, मग नोंद कोणाची ते कळणार कसं? इंटेलवर आधी व्हीएममध्ये शिरताना-निघताना दरवेळी वही कोरीच करायचे. २००८ मध्ये नेहेलम प्रोसेसर आला तेव्हापासून प्रत्येक नोंदीला १६ बिटांचा व्हीपीआयडी, म्हणजे नोंद कोणाची ते सांगणारा नंबर चिकटतो, ० होस्टचा. एएमडीकडे हेच काम एएसआयडी करतो.

आता खरं मशीन चालवणारा मालक एल०, त्याच्यावरचं व्हीएम म्हणजे भाडेकरू एल१, त्या व्हीएमच्या आतलं व्हीएम म्हणजे पोटभाडेकरू एल२. एल१ स्वतःला मालकच समजतो आणि एल२ ला बिनधास्त ‘तुझा नंबर ५’ सांगून मोकळा होतो. पण खऱ्या प्रोसेसरवर ५ भलत्याच व्हीएमचा असू शकतो, तोच लावला तर एकाची मेमरी दुसऱ्याला दिसायची. म्हणून केव्हीएम (लिनक्समधलं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, इथे मालक तेच) ते ५ कागदोपत्री राहू देतं आणि प्रोसेसरला आपल्याकडचा नंबर देतं, समजा ४१. एल१ ने ‘५ च्या नोंदी खोड’ म्हटलं तरी तो हुकूम मालक मध्येच पकडतो आणि ४१ च्या खोडतो, एल१ ला पत्ताही लागत नाही.

पण एल१ च्या प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूमागे एल२ साठी असा जादा नंबर एकच. ५ वाल्याला उठवून ६ वाल्याला बसवलं की ४१ तोच राहतो, नोंदी मात्र साफ. म्हणजे एकाच व्हीसीपीयूवर दोन पोटभाडेकरू आलटून पालटून चालवा, दरवेळी खोडाखोड आणि पुन्हा ती चोवीसची पायपीट. एएमडीवर तर केव्हीएमने बराच काळ एल१-एल२ ला एकच एएसआयडी दिला होता, अदलाबदल झाली की सरळ फ्लश, म्हणजे नोंदी साफ.

आणि हो, सर्व्हरच्या रॅकला लिंबू-मिरची बांधलेली मी डोळ्यांनी बघितलीय, त्याने टीएलबी गरम राहत नाही. त्यापेक्षा लिनक्सवर केव्हीएम इंटेल मोड्यूलचा व्हीपीआयडी पॅरामीटर उघडून बघा, माझ्या लॅपटॉपवर तिथे ‘वाय’ आहे. तुमच्याकडे ‘एन’ निघाला तर नवी रॅम मागवायच्या आधी तो का बंद आहे ते शोधा.