काष्ठवास्तू, सार्वजनिक चौकांतील

ओस पडलेल्या, वाहनतळ होऊन बसलेल्या किंवा नुसत्या ओलांडण्यापुरत्या उरलेल्या चौकात माणसांनी पुन्हा थांबावे, म्हणून तेथे लाकडी छपरे, मंडप, बाजारकट्टे, बैठका आणि फळ्यांची जमीन उभारण्याची पद्धत. कल्पना जुनीच आहे. फ्रान्समधील मीयी-ला-फोरे या गावच्या चौकात १४७९ साली उभारलेले लाकडी बाजारछत आजही उभे आहे. भिंती नाहीत, फक्त खांब आणि छप्पर. ऊन-पाऊस अडवायचा, वाट मात्र अडवायची नाही, हे सूत्र आजच्या रचनांनीही सोडलेले नाही.

आज लाकूड निवडताना रूपाइतकाच वजनाचा हिशेब असतो. शहरातल्या चौकाखाली बहुधा काहीतरी दडलेले असते : भुयारी रेल्वे, तळघरातील वाहनतळ, जुन्या वस्तीचे अवशेष. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे लाकूड दर घनमीटरला सु. ४५० किग्रॅ. भरते, काँक्रीट सु. २,४०० किग्रॅ. रॉटरडॅमचा स्खाउबुर्खप्लेन हा नाट्यगृहापुढील चौक भूमिगत वाहनतळाच्या छतावरच आहे. १९९६ मध्ये ‘वेस्ट ८’ या संस्थेने त्याची फेररचना केली तेव्हा दगडी फरशीऐवजी लाकूड आणि धातूचे हलके थर वापरले, आणि सारा चौक रंगमंचासारखा आजूबाजूच्या रस्त्यांहून थोडा वर उचलला.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले उदाहरण सेव्हिल (स्पेन) येथील प्लाझा दे ला एन्कार्नासिऑनचे. तेथील जुनी मंडई १९७३ मध्ये पाडली गेली आणि शहराच्या मध्यावरची जागा कित्येक वर्षे रिकामी राहिली. पुढे वाहनतळासाठी खोदाई सुरू झाली तेव्हा रोमन काळातील अवशेष लागले आणि काम थांबले. २००४ मधील स्पर्धेतून जर्मन वास्तुकार युर्गेन मायर यांचा आराखडा निवडला गेला व ‘मेट्रोपोल पॅरासोल’ हे लाकडी छत्र २०११ मध्ये पूर्ण झाले. सु. १५० मी. लांब आणि ७० मी. रुंद असलेले हे छत्र मोजक्याच बुंध्यांवर उभे आहे, त्यामुळे खालच्या अवशेषांना फारसा धक्का लागला नाही. ते अवशेष तळघरातील संग्रहालयात पाहता येतात, वर मंडई परतली आहे, आणि छतावरून फिरण्याचा मार्ग काढला आहे. पातळ लाकडी पापुद्रे चिकटवून केलेल्या फळ्या एकमेकींत जाळीसारख्या बसवल्या आहेत. सांध्यांसाठी पोलादी सळया लाकडात इपॉक्सीने चिकटवल्या आहेत. सेव्हिलच्या उन्हाळ्यात इपॉक्सी मऊ पडू नये याची वेगळी तजवीज करावी लागली, मुदत लांबली आणि खर्चही बराच वाढला. लाकडावर पॉलियुरेथेनचा लेप असल्याने जवळ जाऊनही लाकडाचे रेषे दिसत नाहीत, ही या रचनेतली गंमतच. गावकरी तिला ‘लास सेतास’ म्हणजे ‘अळंब्या’ म्हणतात. उद्‌घाटनानंतर काही आठवड्यांतच, मे २०११ मध्ये, आंदोलकांनी याच छत्राखाली तळ ठोकला. चौक वापरात आला याची याहून ठळक खूण सांगता येणार नाही.

घेंट (बेल्जियम) येथे हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. इमारती पाडून मोकळी झालेली आणि मोटारींनी भरलेली जागा घंटामनोऱ्याच्या पायथ्याशी होती. २०१२ मध्ये पूर्ण झालेल्या तेथील सभामंडपाचे दुहेरी उतरते लाकडी छत काचेच्या आवरणाखाली आहे, त्यामुळे पाणी काचेवरून ओघळते आणि लाकूड कोरडे राहते.

छत नसले तरी लाकूड उपयोगी पडते ते बैठकीला. न्यूयॉर्कमधील चौकांचे १९७० च्या दशकात तासन्‌तास निरीक्षण करणारे विल्यम व्हाइट यांना आढळले, की लोक बसायला जागा असते तेथेच बसतात. निष्कर्ष हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे, तरी असंख्य चौक तो विसरून बांधले गेले. लाकडातून उष्णता ग्रॅनाइटच्या मानाने फारच कमी वाहते. म्हणून लाकडी बाक थंडीत गारठत नाही आणि उन्हात दगडाइतका चटकाही देत नाही.

उघड्यावरच्या लाकडाचे आयुष्य पाण्यावर ठरते. लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि कापलेले टोक बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी शोषते. त्यामुळे खांब थेट जमिनीत न रोवता पोलादी बुडख्यावर उचलून धरतात, तुळयांची टोके झाकतात आणि फळ्यांमध्ये फटी ठेवतात. लार्च किंवा ओक या झाडांचे लाकूड टिकाऊ असले, तरी उन्हाने वरचा थर राखाडी होतोच. ते कुजणे नव्हे. सावलीतल्या फळ्यांवर शेवाळ धरून त्या निसरड्या होतात, ही तक्रार मात्र खरी आहे. आगीत जाड तुळई मिनिटाला सु. ०.७ मिमी. या गतीने कोळसत जाते, आतला गाभा भार पेलत राहतो. आकारमान ठरवताना हा जळणारा थर आधीच वाढवून धरतात. तात्पुरत्या मंडपांत सांधे चिकटवण्याऐवजी बोल्टने आवळतात, म्हणजे एखाद्या कोपऱ्यात कोणी बसत नाही असे दिसले, तर मंडप सोडवून दुसरीकडे उभा करता येतो.