घोड्यांच्या वर्तनसमस्या

पाळणाऱ्याला किंवा स्वाराला त्रासदायक, धोकादायक अथवा अनाकलनीय वाटणारे घोड्याचे वागणे. बुजणे, उधळणे, दुगाण्या झाडणे, चावणे, मागच्या पायांवर उभे राहणे, खोगीर पाहताच अंग चोरणे, जागीच अडणे ही त्याची नेहमीची रूपे. हट्टी माणसाला मराठीत ‘अडेलतट्टू’ म्हणतात. म्हणजे तट्टू अडले की दोष त्याच्या स्वभावाचा, असे भाषेनेच ठरवून टाकले आहे. प्रत्यक्षात अडणाऱ्या तट्टाचा खूर दुखत असतो, नाहीतर पाठ सोललेली असते, असे पुष्कळदा आढळते. म्हणून तपासणी स्वभावापासून नव्हे, शरीरापासून सुरू करावी लागते.

घोडा हा माळावर कळपाने राहणारा, संकट दिसताच पळणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतले दिसते. कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा अरुंद पट्टा तेवढा दिसत नाही. न बोलता मागून जवळ गेलेल्या माणसाला लाथ बसते ती यामुळे, आणि तिला खोडी म्हणणे अन्यायाचे आहे. मोकळा घोडा दिवसाचे सोळा तासांच्या आसपास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते, ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. दोन वेळची चंदी (दाण्याचा खुराक) आणि मधे रिकामी गव्हाण अशी दिनचर्या असली की जठराला व्रण पडतात. शर्यतीच्या घोड्यांत ते सर्रास आढळतात. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला धावणारा घोडा कित्येकदा असा पोटाचा रोगी असतो.

तबेल्यातल्या काही सवयी वेगळ्या गटात मोडतात. गव्हाणीच्या कडेवर दात रोवून, मान ताणून घशात हवा ओढणे, दारापाशी डावी-उजवीकडे डुलत राहणे, खणात गोल फिरत राहणे या सवयींना पूर्वी ‘ऐब’ म्हणत आणि घोड्याची किंमत पाडत. आज त्यांच्याकडे कोंडलेपणा, एकटेपणा आणि अपुरा चारा यांची खूण म्हणून पाहिले जाते. गळ्याला पट्टा आवळला तर दात रोवणे थांबते, पण कारण जागच्या जागी राहते. अधिक वैरण, शेजारी दिसणारा दुसरा घोडा आणि रोजचे मोकळे फिरणे हा खरा उपाय. जुनी सवय मात्र एवढ्यानेही पूर्ण सुटेलच असे नाही.

घोडा वेदना लपवतो, त्यामुळे ती मोजायला साधने लागली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुद्रामापनात चेहऱ्याच्या सहा खुणा पाहतात. मागे ताठरलेले कान, आवळलेल्या पापण्या, ताणलेल्या नाकपुड्या त्यांत येतात. ब्रिटिश अश्ववैद्य स्यू डायसन यांनी स्वार बसलेल्या घोड्यासाठी २४ वर्तनांची यादी केली. त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसली, तर स्नायू वा हाडे-सांधे दुखत असण्याची शक्यता बळावते. यांच्या जोडीला दात, पाठ, खूर, नाल आणि खोगिराचे बसणे तपासावे. काही दिवस वेदनाशामक देऊन फरक पाहतात. पण फरक पडला नाही म्हणून वेदना नाही, असे म्हणता येत नाही.

तपासणाऱ्याने स्वतःवरही नजर ठेवावी. बर्लिनमधील हान्स हा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो अशी ख्याती होती. तो प्रश्नकर्त्याच्या डोक्याची नकळत होणारी हालचाल वाचून थांबतो, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले. इतके बारीक वाचणारे जनावर स्वाराच्या मांडीतली भीती ओळखणारच. त्यामुळे तोच घोडा मोतद्दाराच्या (घोड्याची निगा राखणाऱ्याच्या) हाती, दुसऱ्या स्वाराखाली आणि मोकळा असताना कसा वागतो, हे वेगवेगळे पाहतात.

वेदना नाही असे दिसल्यावरच शिकवणीकडे वळावे. लगामाचा दाब ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी घोडा जे करत असतो तेच तो शिकतो. तो मागच्या पायांवर उभा राहताच स्वार उतरला, तर उभे राहिले की सुटका होते एवढेच त्याच्या लक्षात राहते. चाबकाने धाक बसतो; भीतीपोटी बुजणारा घोडा मात्र त्याने आणखी बुजतो.

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला भरणाऱ्या घोडेबाजारात अंगावरचे भोवरे (शुभाशुभ ठरवणारी केसांची वर्तुळे) आजही बारकाईने पाहिले जातात. खोगीर जवळ येताना त्याच घोड्याने कान कुठे वळवले, तंग आवळताना श्वास रोखला का आणि कडक जमिनीवर दुडकीत चारही पाय सारखे पडले का, हे पाहायला तिथे पाच मिनिटेही लागत नाहीत.