यीस्ट (घरगुती बीअरसाठी): सुके आणि द्रव

माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गरम पाण्यात भिजवून काढलेल्या गोड अर्काला वर्ट म्हणतात. त्यातली साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करणारे यीस्ट बाजारात सुके आणि द्रव अशा दोन रूपांत मिळते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बीअरला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. त्या काळी सुक्या यीस्टची पाकिटे अनेकदा जुनी आणि बेभरवशाची असत, म्हणून त्याचे नाव खराब झाले. आज ते चांगल्या दर्जाचे मिळते. नवशिक्याने सुरुवात त्यानेच करावी.

सुक्या यीस्टचे ११.५ ग्रॅमचे एक पाकीट सुमारे २० लिटर मध्यम ताकदीच्या एलला (कोमट तापमानात आंबवायची बीअर) पुरते. थंड तापमानात आंबवायच्या लागर बीअरला मात्र साधारण दुप्पट लागते. बंद पाकीट थंड जागी ठेवले तर दोनेक वर्षे टिकते. कारखान्यात भरपूर हवा देऊन वाढवल्यामुळे पेशींत स्टेरॉलचा (पेशींच्या आवरणाला लागणारा, ऑक्सिजनच्या मदतीने बनणारा पदार्थ) साठा असतो. म्हणून पहिल्या वापराला वर्टमध्ये वेगळा ऑक्सिजन मिसळण्याची सहसा गरज पडत नाही.

द्रव यीस्ट नाजूक असते. ते फ्रिजमध्येच ठेवावे लागते आणि तिथेही पेशी महिन्यागणिक मरत जातात. त्यामुळे पाकिटावरची तारीख आधी पाहावी. वायीस्ट कंपनीच्या पाकिटात पोषकद्रव्याची एक छोटी पिशवी असते. तळहाताने ठोसा देऊन ती फोडली की काही तासांत पाकीट टम्म फुगते, म्हणजे पेशी जिवंत आहेत. पाकीट जुने असेल किंवा बीअर कडक करायची असेल तर यीस्टच्या पेशी वाढवण्यासाठी आधी स्टार्टर करतात: एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम सुका माल्ट अर्क उकळून, गार करून त्यात यीस्ट घालायचे आणि दिवसभर अधूनमधून ढवळत राहायचे.

इतकी खटपट करायची ती यीस्टच्या वेगवेगळ्या वाणांसाठी. बव्हेरियन गव्हाच्या बीअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळेच येतो. बेल्जियन, इंग्लिश एलच्या खास छटांसाठी द्रव यीस्टमध्ये निवड अजूनही मोठी आहे. याउलट स्वच्छ चवीच्या अमेरिकन पेल एलला सुक्या यीस्टचे यूएस-०५ हे वाण पुरेसे असते. लागरसाठीचे प्रसिद्ध डब्ल्यू-३४/७० हे वाणही सुक्या रूपात मिळते. शिळ्या द्रव यीस्टपेक्षा ताजे सुके यीस्ट केव्हाही बरे, आणि उन्हाळ्यात पार्सलने मागवायचे असेल तर सुकेच घ्यावे.