ज्वालामुखीजन्य खडक सरसकट कणखर नसतो

लाव्हा थिजून झालेला खडक कठीण आणि ठिसूळच असणार, हा समज फार काळ चालत आला आहे. तो अपुरा आहे आणि ज्वालामुखीच्या उतारांची स्थिरता जोखताना घातकही ठरू शकतो. घट्ट, ताजा बेसाल्ट अनेकदा २०० मेगापास्कलहून (मेगापास्कल हे दाब मोजण्याचे एकक) अधिक दाब पेलतो, तर जवळपास त्याच रासायनिक घडणीचा, पण वायूच्या बुडबुड्यांनी पोखरलेला खडक त्या दाबाच्या लहानशा अंशानेच चिरडला जातो. पोकळीच्या काठाशी ताण एकवटतो आणि तिथूनच भेगा फुटू लागतात. बुडबुडे लांबट असतील, तर भार कोणत्या दिशेने येतो यावरही ताकद बदलते.

ठिसूळपणाही खडकाचा कायमचा गुण नव्हे, आणि नेमका हाच मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. खोलवर चहूबाजूंनी दाब असताना घट्ट खडक एखाद्या प्रतलावर तुटतो; सच्छिद्र खडकातील पोकळ्या मात्र ढासळत जातात आणि तो एकसंध न तुटता दाबला जाऊन आकसतो. त्यासाठी खडक वितळण्याएवढा तापलेला असण्याची मुळीच गरज नसते.

उष्ण, आम्लयुक्त पाण्याने खनिजांची चिकणमाती झाली, तर खडक दुबळा होतो; उलट त्याच पाण्यातून आलेल्या खनिजांनी पोकळ्या बुजल्यास तो बळकटही होतो. शिवाय प्रयोगशाळेतील अखंड नमुन्याची ताकद भेगाळलेल्या संपूर्ण उताराला लागू करता येत नाही. उताराची ताकद बहुधा बरीच कमी असते.