ट्रान्समिसोमीटरचा ‘सी’ आणि रेडिओमीटरचा ‘केडी’: एकक एकच, राशी वेगळ्या

समुद्राच्या पाण्यातील प्रकाशाविषयीच्या अहवालांत ‘क्षीणन गुणांक 0.9 प्रति मीटर’ एवढेच लिहिलेले तक्ते वारंवार दिसतात. क्षीणन गुणांक म्हणजे पाण्यातून जाताना प्रकाश किती झपाट्याने घटतो त्याचे माप. तो आकडा कोणत्या उपकरणाचा आणि कोणत्या तरंगलांबीचा, याचा उल्लेख कुठेच नसतो. असे गुणांक दोन आहेत: ट्रान्समिसोमीटरचा ‘सी’ आणि रेडिओमीटरचा ‘केडी’. एकक सारखे आणि सूत्रातील घातांकी घटही सारखी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा गुणांक सर्रास वापरला जातो.

रेडिओमीटर बहुतेकांच्या परिचयाचा आहे. दुधी चकतीवर वरून पडणारा सूर्यप्रकाश मोजत उपकरण खाली सोडायचे आणि खोलीनुसार तो किती झपाट्याने घटतो ते काढायचे, की ‘केडी’ मिळतो. त्यासाठी दिवस लागतो, जहाजाची सावली टाळावी लागते आणि उपकरण तिरके होऊ द्यायचे नसते. ट्रान्समिसोमीटरला सूर्याची गरज नाही. तो स्वतःच्या दिव्याची, बहुधा 650 ते 660 नॅनोमीटरची लाल, अरुंद शलाका 10 किंवा 25 सेंटीमीटर पाण्यातून सोडतो आणि पलीकडे किती पोहोचली ते मोजतो; त्यावरून ‘सी’ मिळतो. हे फरक सहज लक्षात येतात. गोंधळ त्यांच्यामुळे होत नाही.

गोंधळ होतो तो प्रकाश ‘गमावला’ असे कधी म्हणायचे, यावरून. एक प्रकाशकिरण गाळाच्या कणावर आदळून पाच अंशांनी वळला, असे समजा. ट्रान्समिसोमीटरचा शोधक, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, शलाकेभोवतीचा जेमतेम एक अंशाच्या आसपासचा कोन पाहतो, त्यामुळे त्याच्या हिशेबी तो किरण संपला. रेडिओमीटरच्या चकतीला मात्र वरच्या सगळ्या दिशांचा प्रकाश चालतो. पाच अंशांनी वळलेला किरण खालीच जात असतो आणि तिच्यावर पडतोच. समुद्रातील कण बराचसा प्रकाश अशाच लहान कोनांतून पुढे वळवतात. म्हणून ‘सी’ म्हणजे शोषण अधिक संपूर्ण प्रकीर्णन (कणांमुळे आणि पाण्यामुळे प्रकाशाचे दिशा बदलून विखुरणे), तर ‘केडी’ ढोबळमानाने शोषण आणि मागे वर फेकल्या जाणाऱ्या अल्प प्रकाशाची बेरीज. गढूळ किनारी पाण्यात ‘सी’ कित्येक पट मोठा येतो आणि त्यात उपकरणाचा काहीही दोष नसतो. शिवाय ‘सी’ हा पाण्याचा स्वतःचा गुण आहे, तर ‘केडी’ सूर्य कलला की थोडाफार बदलतो. 1961 मध्ये समुद्री प्रकाशाचे अभ्यासक प्राइसेनडॉर्फर यांनी अंगभूत (पाण्याचे स्वतःचे) आणि आभासी (वरून येणाऱ्या प्रकाशावरही अवलंबून असणारे) अशी गुणांची विभागणी केली ती याच फरकावर.

चुकीची किंमत किती ते पाहू. 25 सेंटीमीटर पाण्यातून शुद्ध पाण्याच्या तुलनेत 80 टक्के शलाका पार झाली, तर ‘सी’ सुमारे 0.89 प्रति मीटर येतो. पृष्ठभागावरील प्रकाशाचा एक टक्का उरतो ती खोली 4.6 भागिले ‘केडी’ असते. त्या सूत्रात कोणी हा ‘सी’ घातला, तर उत्तर 5 मीटर निघेल. त्याच जागी ‘केडी’ 0.2 असेल, तर खरे उत्तर 23 मीटर आहे. प्रवाळ किंवा समुद्री गवत कुठवर तगेल, हे ठरवताना 18 मीटरची चूक मला अक्षम्य वाटते. वर ट्रान्समिसोमीटरच्या आकड्यातून शुद्ध पाण्याचा वाटा बहुधा आधीच वजा झालेला असतो, आणि लाल प्रकाशात तो वाटा 0.4 प्रति मीटरच्या घरात असतो. ‘केडी’मध्ये पाणी धरलेलेच असते. त्यामुळे लाल ‘सी’ आणि उपग्रहावरून मिळणारा 490 नॅनोमीटरचा ‘केडी’ एका आलेखात शेजारी ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

वनस्पतींना मिळणारा प्रकाश हवा असेल, तर रेडिओमीटरच वापरावा. तरंगता गाळ किंवा कणांचे थर शोधायचे असतील, तर ट्रान्समिसोमीटरला पर्याय नाही. फक्त प्रत्येक वेळी त्याच्या काचा पुसाव्यात, कारण बोटाचा एक ठसासुद्धा स्वच्छ पाण्याला गढूळ ठरवतो. आकड्याबरोबर तरंगलांबी, मार्गाची लांबी आणि शोधकाचा कोन लिहावा, कारण कोन बदलला की तेच पाणी वेगळा ‘सी’ देते.

पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी 1865 मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ सेक्की यांनी वापरात आणलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडल्यावर दिसेनाशी होण्याची खोली, म्हणजे सेक्की खोली, ‘सी’ आणि ‘केडी’ यांच्या बेरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. तबकडीवर पोहोचणारा प्रकाश ‘केडी’ ठरवतो आणि तिची कडा डोळ्याला स्पष्ट दिसणे ‘सी’वर अवलंबून असते. म्हणून एकट्या सेक्की खोलीवरून ‘केडी’ काढणाऱ्या सूत्राचा स्थिरांक एका किनाऱ्यावरून उचलून दुसऱ्याला लावता येत नाही. गाळाचे प्रमाण बदलले की दोन्ही गुणांकांमधील गुणोत्तरही बदलते.