बारकोडमध्ये मजकूर शिरला, मराठी कशी शिरली?

जेएसबारकोड ही जावास्क्रिप्टची (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेची) लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, घेऊन तिला इंग्रजी कॅपिटलमध्ये 'पुणे' लिहून दिलं, तर पापणी लवायच्या आत पडद्यावर बारकोड उमटतो. तेच नाव देवनागरीत लिहिलं, तर कोड १२८ या बारकोडच्या प्रकारासाठी हा मजकूर चालत नाही, असं ती साफ सांगते. यात लायब्ररीचा दोष नाही. बारकोडमध्ये कोणत्या चिन्हांना जागा द्यायची, हे ब्राउझर जन्माला येण्याआधीच ठरून गेलं होतं.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेतल्या नॉर्मन जोसेफ वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९मध्ये बारकोडच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९५२मध्ये मिळालं. कल्पनेचं मूळ मोर्स कोडमध्ये होतं. टिंब आणि डॅश खाली ओढून लांबवले की जाड-बारीक रेघा तयार होतात. दुकानात ती प्रत्यक्ष उतरायला मात्र दोन दशकं लागली. आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी पेटंटमध्येही असलेल्या गोल वर्तुळांऐवजी उभ्या रेघांचा यूपीसी, म्हणजे दुकानातल्या वस्तूंवरचा बारकोड, तयार केला. छपाईच्या दिशेत शाई पसरली, तर वर्तुळ बिघडतं. रेघ त्याच दिशेला उभी असेल, तर फक्त थोडी लांब होते. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटात च्युइंगगमच्या पाकिटावर पहिलं स्कॅन झालं. या कोडमध्ये होते फक्त १२ अंक. वस्तूचं नाव आणि किंमत दुकानाच्या संगणकात असायची, त्यामुळे अक्षरांची गरजच नव्हती.

गरज पडली कारखान्यांना आणि गोदामांना, कारण सुट्या भागांच्या क्रमांकांत अक्षरं असतात. १९७४मध्येच इंटरमेक कंपनीत कोड ३९ तयार झाला. त्यात ४३ चिन्हं बसतात: अंक, इंग्रजी कॅपिटल अक्षरं, मोकळी जागा आणि थोडी विरामचिन्हं. १९८१मध्ये कोड १२८ आला आणि आस्कीची, म्हणजे संगणकाच्या मूळ इंग्रजी चिन्हसंचाची, सगळी १२८ चिन्हं आत आली. माझ्या मते रेघांच्या बारकोडमधला हा सगळ्यात देखणा प्रकार आहे. शेवटचं समाप्तिचिन्ह सोडलं, तर प्रत्येक चिन्हाला तीन काळ्या रेघा आणि तीन फटी मिळतात, आणि सहांची एकूण रुंदी नेहमी ११ एककं भरते. नुसते अंक असतील, तर एका चिन्हाच्या जागेत दोन अंक बसतात.

कोड बरोबर वाचला गेला का, हे तपासणारं पडताळा-चिन्ह हातानेही काढता येतं. कोड १२८मध्ये प्रत्येक चिन्हाला एक ठरलेलं मूल्य असतं. इंग्रजी 'पुणे'तल्या पी, यू, एन, ई या चार अक्षरांची मूल्यं ४८, ५३, ४६ आणि ३७. प्रत्येकाला त्याच्या स्थानाने गुणायचं, आरंभचिन्हाचे १०४ मिळवायचे: १०४ + ४८ + १०६ + १३८ + १४८ = ५४४. याला १०३ने भागलं की बाकी उरते २९. हे २९ मूल्याचं चिन्ह मजकुराच्या शेवटी छापलं जातं. स्कॅनर तोच हिशेब करतो आणि जुळला नाही तर कोड नाकारतो. जावास्क्रिप्टची लायब्ररी एवढंच गणित करते आणि रेघा एसव्हीजी किंवा कॅनव्हास या ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या सोयींवर काढते. वेबवर हे आधी सर्व्हरवर चित्र बनवून किंवा बारकोडचा फॉन्ट वापरून चालायचं. बीडब्ल्यूआयपी-जेएस या लायब्ररीचा उगम तर टेरी बर्टन यांनी पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत लिहिलेल्या बारकोड-लेखकात आहे.

देवनागरीला जागा मिळाली ती क्यूआर कोडमध्ये, तीही आडवळणाने. डेन्सो वेव्हच्या मासाहिरो हारा यांच्या गटाने १९९४मध्ये तो जपानी वाहन-कारखान्यांसाठी बनवला. जपानी असल्यामुळे त्यात कांजीसाठी, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांसाठी, स्वतंत्र पद्धत आहे आणि एक कांजी १३ बिट्समध्ये मावते. देवनागरीसाठी अशी सोय नाही. आपला मजकूर यूटीएफ-८च्या (सगळ्या लिप्या बाइट्समध्ये मांडण्याच्या पद्धतीच्या) बाइट्स होऊन आत जातो आणि प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्त यांना तीन-तीन बाइट्स, म्हणजे २४ बिट्स लागतात. सर्वांत मोठ्या क्यूआरमध्ये १,८१७ कांजी बसतात, पण देवनागरीची चिन्हं ९८४च. कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणून असलेली दुरुस्तीची पातळी कमाल ठेवली, तर ४२४.

इथेच जावास्क्रिप्टमध्ये एक खोल खड्डा होता. काझुहिको आरासे यांच्या क्यूआर-लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत मूळ सेटिंग अक्षराच्या युनिकोड क्रमांकाचा (जगातल्या सर्व लिप्यांच्या यादीतल्या क्रमांकाचा) फक्त खालचा बाइट घ्यायचं. 'म'चा क्रमांक २३५०, म्हणजे ९ × २५६ + ४६. वरचा बाइट कापला की उरतात ४६, आणि आस्कीत ४६ म्हणजे टिंब. त्यामुळे 'मराठी' स्कॅन केल्यावर फोनवर टिंब, शून्य, 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, मोकळी जागा आणि ॲट एवढंच दिसायचं. कोड दिसायला निर्दोष, स्कॅनही होणार, आणि मराठी मात्र गायब. यूटीएफ-८चं फंक्शन लायब्ररीसोबतच दिलेलं होतं, पण ते निवडायचं काम वापरणाऱ्याकडे होतं. मराठी लेबलं छापणाऱ्याने पहिला क्यूआर स्वतःच्या फोनवर वाचून पाहावा, तेही जोडाक्षरं असलेलं नाव घालून, 'ज्ञानेश्वर' चालेल.